ट्रेकवाल्या घरात कुठला कुत्रा आणावा?

पत्र थोडक्यात: पुण्यात कोथरूडला राहणाऱ्या एका ताईंनी लिहिलंय. घरात त्या, नवरा, ११ वर्षांची मुलगी, ७ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके, लिफ्ट आहे पण सारखी बंद पडते. घरातल्या सगळ्यांना भटकायची आवड. पावसाळा सुरू झाला की महिन्यातून दोन रविवार ट्रेक, थंडीत टेंट घेऊन कॅम्पिंग, अधूनमधून सायकली. आता कुत्रा आणायचा असं ठरतंय आणि जातीवरून घरात वाद चाललाय. नवऱ्याला हस्की हवाय, मुलीला गोल्डन रिट्रीव्हर नाहीतर बीगल, ताईंना स्वतःला लॅब बरा वाटतो, आणि सासूबाई म्हणतात ‘आणायचाच तर गावठी आणा, जगेल तरी’. सासूबाई मूळच्या माणदेशातल्या, वय ७०, गुडघे दुखतात, पण दिवसभर घरी असतात त्यामुळे कुत्रा एकटा पडणार नाही असं ताई म्हणतात. प्रश्न असा की आमच्यासारख्या आउटडोअरवाल्या कुटुंबाला कुठलं ब्रीड बरोबर?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. ट्रेकबद्दल तुम्ही पाऊण पान लिहिलंय आणि सासूबाईंबद्दल दोन ओळी, आणि माझं मन त्या दोन ओळींवरच अडकलं. ब्रीडकडे येतेच, पण आधी जरा हे बघू.

साधा हिशोब करा. महिन्यातले दोन रविवार तुम्ही डोंगरात असता. बाकीचे अठ्ठावीस दिवस तो कुत्रा घरी असणार, आणि त्यातले बहुतेक दिवस सकाळी नऊ ते संध्याकाळी सात तुम्ही ऑफिसला, मुलं शाळा-क्लासला. म्हणजे त्याचं जग म्हणजे तुमचा हॉल, बाल्कनी आणि आजी. दुपारी दोनला त्याला शू लागली, लिफ्ट बंद आहे, बाहेर पाऊस आहे, जिना ओला आहे, तर त्याला खाली कोण नेणार? पट्टा कुणाच्या हातात असणार? तीस किलोचा लॅब समोर मांजर दिसल्यावर जो हिसका देतो ना, तो चांगल्या धडधाकट माणसाला पण सावरत नाही. आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंचं मनगट असंच मोडलं. पट्टा सुटू नये म्हणून त्यांनी तो हाताला दोन वेढे देऊन गुंडाळला होता, आणि कुत्रा पळाला तेव्हा पट्टा सुटला नाहीच, काकू पायरीवर पडल्या.

तुम्हाला ट्रेकचा कुत्रा हवाय हे खरंय, पण तो खरा राहणार आहे आजींबरोबर. मग त्यांना तुम्ही नीट विचारलंत का? ‘गावठी आणा, जगेल तरी’ हे तुम्हाला नाराजीचं बोलणं वाटलं असं तुम्ही लिहिलंय, मला ते अजिबात तसं वाटत नाही. माणदेशात ज्यांचं लहानपण गेलं त्यांनी मेंढरांमागची कुत्री बघितलेली असतात, कुठला कुत्रा उन्हात टिकतो आणि कुठला नाही हे त्यांना यूट्यूबवर बघायला लागत नाही. तर पहिलं काम हे करा, एक दिवस निवांत त्यांच्याजवळ बसा आणि विचारा की आई, दिवसभर तुम्हालाच बघायचंय, तुम्हाला झेपेल का, काय झेपेल, काय नाही. त्या ‘नको’ म्हणाल्या तर त्या ‘नको’ला मान द्या, किंवा दुपारी येऊन फिरवून आणणारा कुणी पगारी माणूस बघा, पण त्यांना गृहीत धरून कुत्रा आणू नका.

आता ब्रीड. हस्कीपासून सुरू करते कारण तिथे मला काही शंकाच नाही. नका आणू. हा कुत्रा सैबेरियातल्या चुकची लोकांनी बर्फावर स्लेज ओढायला तयार केलेला. १९२५ साली अलास्कात नोम नावाच्या गावी घटसर्पाची साथ आली होती, तेव्हा स्लेजच्या कुत्र्यांनी रिले करत साडेपाच दिवसांत जवळपास १,०८५ किलोमीटरवरून औषध पोचवलं, तेही उणे चाळीस-पंचेचाळीसच्या थंडीत. त्या थंडीसाठी त्याच्या अंगावर केसांचे दोन थर आहेत, आतला लोकरीसारखा दाट. आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांच्या गाद्यांना थोडासा येतो तेवढाच, बाकी बहुतेक उष्णता तो जीभ बाहेर काढून धापा टाकत घालवतो. हवा दमट असली की जिभेवरचं पाणी नीट उडत नाही, मग धापा टाकून पण फारसं काही होत नाही. पुण्याचा एप्रिल आणि कोकणाच्या तोंडावरचा जून या दोन्हींत त्याचे हाल आहेत. ‘आम्ही एसीत ठेवू’ असं लोक म्हणतात, ठेवतात पण, पण मग ज्या कुत्र्याला रोज मैलोनमैल पळायचंय त्याला तुम्ही एका खोलीत कोंडलंत. तुमच्या मिस्टरांना रील्समधले निळे डोळे आवडलेत, तो कुत्रा दिसतोच तसा देखणा, मला पण आवडतो. पण आवडतो म्हणूनच आणू नका असं त्यांना सांगा.

लॅबबद्दल तुमचं मत बरोबर आहे, स्वभावाने लॅबसारखा कुत्रा नाही, मुलांत तर विरघळून जातो. न्यूफाउंडलंडच्या मच्छीमारांच्या कुत्र्यांपासून आलेला, पाण्याचं वेड, तुमच्याबरोबर धरणाच्या काठी कॅम्पिंगला सगळ्यात खूश तोच असेल. पण दोन गोष्टी माहीत असू द्या. एक, त्याची भूक. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की जवळपास एक चतुर्थांश लॅबमध्ये एक जीन असा बिघडलेला असतो की त्यांना सतत भूक लागल्यासारखं वाटतं. आपल्याकडे त्यात भर म्हणजे घरातला प्रत्येक माणूस येता-जाता पोळीचा तुकडा, बिस्कीट टाकत असतो, आणि आजींचा जीव तर हमखास कळवळणार. पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये पाच वर्षांचे लॅब बघा, बरेचसे टेबलासारखे रुंद झालेले असतात, जिना चढताना थांबतात. दुसरं म्हणजे खुब्याचा आणि कोपराचा सांधा. हिप डिस्प्लेजिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसणं, लॅबमध्ये बराच दिसतो, आणि तो आई-बापाकडून येतो, त्यामुळे पिल्लू घेताना आई-बापाचे एक्सरे बघायला मागायचे. ब्रीडर दाखवत नसेल तर तिथून उठून यायचं. गोल्डनचं पण साधारण हेच, वर लांब केस, आणि पावसाळ्यात गवतातून चालून आल्यावर त्या केसांत गोचीड शोधणं म्हणजे रोजचा अर्धा तास.

बीगल दिसायला छोटा म्हणून मुलीला सोपा वाटतोय, पण तो नाकाने चालणारा शिकारी कुत्रा आहे. सशाचा वास लागला की मान खाली घालून निघाला, मागून तुम्ही नावाने कितीही ओरडा. मोकळ्या डोंगरात पट्टा सोडलेला बीगल मला तरी धडकी भरवतो. शिवाय आवाज, तो हेल काढून रडतो तसा भुंकतो, खालच्या मजल्यावरच्यांशी तुमचं नातं कसं आहे ते बघा.

तुम्ही विचारलं नाहीत पण महाराष्ट्रात बसून हा विषय काढला तर कारवानी या आपल्या देशी जातीबद्दल बोलायलाच हवं, आणि मिस्टरांना हस्कीऐवजी काहीतरी देखणं द्यायचं असेल तर हाच. उंच, बारीक कंबर, लांब तोंड, पळायला लागला की मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढे पडतात. सीमेपलीकडे कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात मुधोळ आहे, तिथे याला मुधोळ म्हणतात. २००५ मध्ये आपल्या पोस्टाने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली त्यात मुधोळ होता, आणि २०१६ मध्ये मेरठला लष्कराच्या केंद्रात मुधोळची पिल्लं ट्रेनिंगला नेली. आपल्या उन्हातच घडलेला कुत्रा, अंगावर केस कमी, खायला थोडं, आजार कमी. मग तुम्हाला हाच घ्या असं का सांगत नाहीये? कारण हा डोळ्याने शिकार करणारा कुत्रा आहे. माळावर लांब काही हललं की तो सुटतो, आणि सुटल्यावर त्याला तुम्ही काय, मोटरसायकलवाला पण गाठत नाही. तुमच्या ट्रेकच्या वाटेवर शेळ्या असतात, वासरं असतात, कोंबड्या असतात. एका धनगराची शेळी धरली तर त्याचं नुकसान तर होतंच, आणि मुलांसमोर जे होईल ते वेगळंच. शिवाय हा लाजाळू, एका-दोन माणसांना जीव लावणारा, ओरडलेलं त्याला मनाला लागतं, पाहुणे-मुलं-गोंधळ असलेल्या फ्लॅटमध्ये तो कोपरा धरून बसतो. कुणाकडे कुंपण घातलेलं शेत असेल, रोज पहाटे त्याला मोकळं पळवता येत असेल तर जरूर आणावा, त्याच्यासारखा कुत्रा नाही. टू बीएचकेत मला तो कोंडल्यासारखा वाटतो.

मग माझं मत काय? सासूबाईंचं आहे तेच. गावठी आणा. फक्त मी त्यात एक शब्द वाढवते, मोठा गावठी. पिल्लू नको, दीड-दोन वर्षांचा, शेल्टरमधून नाहीतर कुणी फॉस्टर करत (तात्पुरता सांभाळत) असेल त्यांच्याकडून, नसबंदी झालेला, लसी झालेल्या.

मोठा का, तर हे जरा नीट वाचा कारण पिल्लू आणताना याचा विचार जवळपास कुणीच करत नाही. पिल्लाच्या लसी साधारण १६ आठवड्यांचं होईपर्यंत चालतात, पार्व्हो आणि डिस्टेंपर या दोन आजारांनी पिल्लं पटापट जातात, तोवर त्याला बाहेर जमिनीवर फार फिरवता येत नाही. त्यानंतर हाडं. हाडांची टोकं भरून यायला मोठ्या जातींना एक ते दीड वर्ष लागतं, तोवर लांब चढ-उतार, विशेषतः उतारावरच्या उड्या, सांध्यांना वाईट. म्हणजे पिल्लू आणलंत तर पहिलं वर्ष-सव्वा वर्ष तो ट्रेकला येणार नाही, आणि त्याला घरी ठेवून तुम्हाला पण धड जाता येणार नाही. शी-शू शिकवणं, चप्पल फाडणं, रात्रीचं रडणं हे सगळं वर, आणि ते पण कुणाच्या वाट्याला येणार तर आजींच्या. मोठ्या कुत्र्याचं कसं असतं, तो केवढा होणार, मुलांशी कसा वागतो, मांजर बघून काय करतो, गाडीत उलटी करतो का, हे सगळं दिसत असतं समोर. पिल्लू म्हणजे बंद पाकीट.

आणि गावठी म्हणजे साधारण पंधरा ते वीस-बावीस किलो, आखूड केस, उभे कान, इथल्याच हवेत पिढ्यानपिढ्या तगलेला. जिना चढायला हलका, आजींच्या हाताला झेपेल असा एखादा शांत बघून निवडता येतो. ‘गावठी शिकत नाही’ असं तुमच्या पत्रात आहे. शिकतो, पण लॅबसारखा खाऊसाठी गडबडीने नाही शिकत, आधी तुमच्यावर विश्वास बसावा लागतो, त्याला दोन-तीन महिने लागतात. काही रस्त्यावर मार खाल्लेले असतात, काठी किंवा झाडू उचलला तरी पलंगाखाली जातात. अशा कुत्र्याला वेळ देण्याची तयारी नसेल तर मोकळ्या स्वभावाचा बघा, पण फोटो बघून नाही, चार वेळा जाऊन भेटून, आणि एकदा तरी आजींना घेऊन.

एक मात्र, गावठी आहे म्हणजे त्याला ऊन चालतं असं समजू नका. ही चूक मी स्वतः केलीय आणि अजून आठवली की पोटात कालवतं. आमची भुरी, चार वर्षांची, रोज टेकडी चढणारी. मार्चअखेरीला विसापूरला गेलो, निघायला उशीर झाला, उतरताना अकरा वाजून गेले. दगडी घळीत वारा नव्हता. ती आधी सावलीसावलीने चालत होती, मग एका झुडपाखाली गेली, पुढच्या पायांनी माती उकरली आणि आतली गार माती पोटाला लावून पसरली. मला वाटलं दमली, मी फोटो काढला. पाच मिनिटांनी हाक मारली तर उठेना. तोंड उघडून बघितलं तर हिरड्या गडद लाल आणि लाळ डिंकासारखी चिकट. आमच्याकडे होतं ते पिण्याचं सगळं पाणी तिच्या पोटावर, जांघेत, पंजांवर ओतलं, टोपीने वारा घातला, आणि नवऱ्याने खांद्यावर घालून खाली आणली. कुत्र्याचं नेहमीचं अंगच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, तिचं डॉक्टरांकडे पोचल्यावर १०५ होतं. वाचली. त्यानंतर होळी ते पहिला पाऊस आम्ही तिला डोंगरात नेतच नाही. तुम्हीही नेऊ नका. एरवीसुद्धा उजाडताना चढायचं आणि नऊ-साडेनऊला खाली यायचं, आणि खडक किंवा डांबर तापलंय का हे उलटा तळहात पाच-सात सेकंद टेकवून बघायचं, आपल्याला ठेववत नसेल तर त्याच्या पायांना पण नाही ठेववणार. पाणी त्याचं वेगळं न्यायचं.

तुमच्या ट्रेकच्या यादीवर पण नजर टाकली. हरिश्चंद्रगड, कळसूबाई, भीमाशंकर हे सगळे अभयारण्यात येतात, तिथे कुत्रा न्यायचा नाही. हा नुसता वनखात्याचा नियम म्हणून सोडून देऊ नका, कारण खरं आहे. कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर जंगली प्राण्यांना पण होतो, गीरमध्ये २०१८ साली वीसहून जास्त सिंह गेले त्यात हाच विषाणू सापडला होता. हरिहरसारख्या कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या किंवा अलंग-मदनसारखं दोरावरचं काम, हे कुत्र्याचं नाहीच. मग उरतात ते सोपे, रुंद वाटेचे डोंगर, माळरानं, शेताच्या कडेचे रस्ते, आणि तुमच्या घराजवळची वेताळ टेकडी. म्हणजे कुत्रा आल्यावर तुमचं भटकणं बदलणार, कमी उंच आणि जास्त संथ होणार. काही रविवार चौघांपैकी एकाने घरी राहायचं. हे मान्य आहे का, हे चौघांनी एकमेकांकडे बघून ठरवा, आणि मोठे ट्रेक सोडवत नसतील तर त्या दिवसांची सोय आत्ताच ठरवा. आजींवर नाही.

कॅम्पिंगला रात्री कुत्रा टेंटच्या आत. बाहेर खुंटीला बांधून ठेवायचा नाही, बिबट्याला कुत्रा म्हणजे सोपं भक्ष्य. नगर जिल्ह्यातल्या (आताचं अहिल्यानगर) अकोले भागातल्या बिबट्यांच्या खाण्याचा अभ्यास झाला त्यात सगळ्यात जास्त निघाले ते कुत्रेच. पायथ्याच्या गावात शिरताना पण पट्टा आखूड धरा, तिथल्या कुत्र्यांची हद्द असते, चार-पाच जण एकदम येतात. तुम्ही घाबरून आपल्या कुत्र्याला उचलून घेतलंत की ते अजून अंगावर येतात, शांतपणे चालत राहायचं. गळपट्ट्यापेक्षा हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) बरा, चढावर मागून धरता येतं.

पावसाळ्यानंतरचं गोचीड प्रकरण मात्र गंभीरपणे घ्या. गोचिडापासून होणारा ताप पुण्यात खूप बघायला मिळतो, कुत्रा जेवण सोडतो, हिरड्या पांढरट पडतात, कधी नाकातून रक्त येतं, आणि लोक ‘पोट बिघडलं असेल’ म्हणून चार दिवस काढतात. घरी आल्यावर कान आतून, काखा, पायाच्या बोटांच्या बेचक्या बोटाने चाचपून बघायच्या, हे काम मुलीला द्या, ११ वर्षांची मुलं हे फार मन लावून करतात. गोचीड मारायचं औषध डॉक्टरांना विचारून, वजनाप्रमाणे, वेळच्या वेळी. साचलेल्या पाण्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या आजाराचे जंतू असतात, ते उंदरांच्या लघवीतून येतात आणि हा आजार माणसांना पण होतो, त्याची लस आणि रेबीजची लस दरवर्षी, विसरून चालणार नाही.

आणि एवढं सगळं होऊनही तुम्ही लॅबवर ठाम राहिलात तर मी वाईट वाटून घेणार नाही. फक्त पिल्लू दोन महिन्यांचं व्हायच्या आत विकायला २०१७ च्या नियमांनुसार बंदी आहे, ब्रीडरची नोंदणी लागते, आणि आई कुठे ठेवलीय ती जागा डोळ्यांनी बघायची. गाडीच्या डिकीतून खोक्यात आणून दाखवलेलं पिल्लू घ्यायचं नाही, कितीही गोड असलं तरी. आणि एखाद्याला मोठा झाल्यावर झेपेना म्हणून सोडून दिलेले लॅब पण शेल्टरमध्ये असतात, तिथे आधी विचारा. सोसायटीचे सेक्रेटरी ‘कुत्रा चालणार नाही’ म्हणाले तर त्यांना शांतपणे सांगा की ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, आणि मग खाली केलेली घाण आपण उचलायची, रोज, न चुकता.

आत्ता काही आणू नका. एक महिना रोज सकाळी पावणेसहाला उठून अर्धा तास टेकडीवर जा, आणि रात्री जेवणानंतर वीस मिनिटं खाली, पाऊस असला तरी, ताप असला तर दुसऱ्याने. कोण कुठल्या दिवशी गेलं ते फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहा. कुत्रा आल्यावर हेच करायचंय, दहा-बारा वर्षं. महिन्याच्या शेवटी ज्या नावासमोर सगळ्यात जास्त खुणा असतील त्याचा तो कुत्रा, बाकीच्यांनी त्याप्रमाणे आपली मतं आवरायची. मग शेल्टरमधून एखादा दोन-तीन आठवडे फॉस्टरला आणा, बरेच जण तशी सोय देतात, आणि त्या काळात संध्याकाळी घरी आलात की मुलांच्या आधी आजींना विचारा दिवस कसा गेला.

रात्री उघडा असणारा जनावरांचा दवाखाना तुमच्या घरापासून किती लांब आहे ते पण याच महिन्यात एकदा गाडी काढून बघून या.